तिसऱ्या घराला विचारा

सूर्य पूर्वेला उगवतो ही गोष्टसुद्धा माझ्या बंगळूरच्या घरमालकांनी आधी गल्लीतल्या चार-दोन जणांना विचारून, खात्री करून घेऊनच मान्य केली असावी. सूर्याला स्वतःला विचारण्यात अर्थ नाही, तो काय, आपल्याच बाजूनं बोलणार! जगातल्या कुठल्याही वस्तूनं, माणसानं किंवा पाटीनं स्वतःबद्दल दिलेली माहिती त्यांच्या लेखी शून्य होती. 'शुद्ध तुपातील मिठाई' असं लिहिलेल्या दुकानासमोर ते उभे राहत, पाटी वरपासून खालपर्यंत वाचत आणि शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरून विचारत, "त्याच्याकडचं तुम्ही खाता काय?" चपलावाला खात असेल तर ठीक. चपलावाला नुसता हसला तर त्या सणाला घरी रव्याचे लाडू. बाजारात वांगी घ्यायची तर ते वांगीवालीशी बोलतच नसत, तिच्या शेजारी भेंडी घेऊन बसलेल्या बाईला वांग्यांबद्दल विचारत. भेंडीवाली बिचारी दोन्हीकडून संकटात पडे. डॉक्टरकडे गेले की आत जाण्याआधी बाहेर पडणाऱ्या तीन रोग्यांना गाठून "कसं वाटतं आता?" असं विचारत. एकदा त्यातला एकजण नुकताच टोचून घेऊन आला होता, तो तोंड वाकडं करून "बरं नाही" म्हणाला, तर हे ताप अंगात घेऊन तसेच घरी परत आले.

गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर महाराष्ट्रातून खाली उतरले आणि इकडेच राहिले, अशी घरात समजूत होती. पण हेही त्यांनी मला कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. "आजोबा सांगायचे. आजोबांना कोण सांगितलं ते विचारायचं राहिलं," एवढंच म्हणत आणि खरोखरच चुटपुट लागल्यासारखा चेहरा करत. त्यांची मराठी माझ्या सातारी कानांना आधी फार मजेची वाटे. तिच्यात मधूनमधून कानडी येई, आणि कितीही गाढ मराठीत बोलत असले तरी एक प्रश्न मात्र ते कानडीतच विचारत : "यारु हेळिद्रु?" म्हणजे, कोण म्हणालं? आज पाऊस येणार आहे, यारु हेळिद्रु? दुधाचा भाव वाढला, यारु हेळिद्रु? मी एकदा त्यांना "अण्णा, मला भूक लागलीय" म्हणालो, तेव्हाही त्यांच्या ओठांवर तो प्रश्न आलेला मी स्पष्ट पाहिला.

त्यांची बनशंकरीतली वरची खोली मला मिळाली तीही अशाच चौकशीतून. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी तेव्हा के. आर. पुरमला तिघांत एक खोली करून राहत होतो आणि रोज दोन बसगाड्या बदलून कामावर जाताना माझा जीव मेटाकुटीला येई. खोली बघायला गेलो तेव्हा मी ऑफिसचं पत्र, पदवीचा कागद, आमच्या गावच्या मुख्याध्यापकांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, असं सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हे तूच आणलास न्हवे? मग आत ठेव," म्हणाले आणि आठवड्यानं यायला सांगितलं. आठवड्यानं गेलो तर हातात किल्ली. मधल्या काळात हा गृहस्थ छत्री घेऊन के. आर. पुरमला जाऊन आला होता! "तुमच्या इस्त्रीवाल्याला विचारलो. तुझ्या शर्टाच्या खिशात तो दोनदा तुझाच पगाराचा कागद सापडून परत दिला म्हणे, म्हणजे तू वेंधळा. खानावळीत विचारलो. सार दोनदा मागून घेतोस, पण पानात काय टाकत नाहीस. सरी, ठीक आहे. राहा." आणि मग थोडं थांबून, मोठं गुपित सांगावं तसं म्हणाले, "तिसऱ्या घराला पण विचारलो."

हे तिसरं घर म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र होतं. शेजारच्या घराला कधी विचारू नये, कारण शेजारी एक तर भांडलेला असतो नाहीतर साखर उसनी नेलेला. समोरच्याला विचारू नये, त्याला दिसतं जास्त आणि ऐकू येतं कमी, मग उरलेलं तो मनानं भरतो. तिसरं घर बरोबर. आवाज ऐकू येण्याइतकं जवळ आणि भांडण न होण्याइतकं लांब. या शास्त्राचा त्यांना फार उपयोग होई, कारण एका सरकारी कारखान्यात भिंगातून स्क्रूचे आटे तपासण्यात हयात घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या समाजातल्या लग्नांची चौकशी करण्याचं काम अंगावर घेतलं होतं. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की माणसं एका चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहून आणून देत. अण्णा ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवत आणि छत्री उचलून निघत. मोबदला काही नाही. ज्यांच्यासाठी चौकशी करायची त्यांच्याकडे कॉफीसुद्धा घेत नसत. "कॉफी घेतली की जीभ गोड होते," म्हणत.

घरात ते, त्यांची धाकटी बहीण आणि तिची मुलगी अशी तीनच माणसं. बहिणीला सगळे अक्का म्हणत. ती दिवसभर काहीतरी निवडत, कांडत, दळत असे आणि बोलत फार कमी. ती त्या घरात का राहते, भाचीचे वडील कुठे आहेत, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ज्या घरात प्रत्येक गोष्ट विचारली जाई, तिथे हा एक प्रश्न कुणी विचारत नसे, आणि माझीही हिंमत झाली नाही. भाची बालवाडीत शिकवायची आणि घरात शिरताना मुलांची गाणी गुणगुणत शिरायची. मला ती "मेलचे सार" म्हणायची, म्हणजे वरच्या मजल्यावरचे साहेब. अण्णांचा तिच्यावर एवढा जीव होता की तिच्या बाबतीत मात्र ते कुणाला काही विचारत नसत.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, आणि तिथेच माझी पंचाईत आहे, कारण ते काम मला तेव्हाही नीट कळत नव्हतं. आम्ही पाच-सहा जण एका टायरच्या दुकानाच्या वर बसून कारखान्यांसाठी वेबसाइटी बनवत असू. माझ्याकडे बोम्मसंद्र्याचा एक रबरी वॉशर बनवणारा कारखाना होता. मालकाचा हट्ट एकच : जगात कुणीही, कुठेही, सर्च इंजिनात 'वॉशर' असा शब्द टाकला की पहिला आपला कारखाना आला पाहिजे. त्या वेळी हे सोपं होतं. ज्या पानावर तो शब्द जास्त वेळा, ते पान वर, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून मी पानाच्या खालच्या रिकाम्या भागात तीनशे वेळा 'वॉशर' लिहिलं आणि वाचणाऱ्याला वेड लागू नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं. माणसाला दिसत नसे, मशिनला दिसे. या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

एक दिवस अण्णा माझं ऑफिस बघायला आले. अर्थात आधी खाली टायरवाल्याला आमच्याबद्दल विचारून. मी त्यांना खुर्ची दिली आणि कारखान्याचं पान दाखवलं.

"इतक्या पानांत कुठलं चांगलं, हे मशिनला कसं समजतं?" त्यांनी विचारलं.

"शब्द मोजतं, अण्णा. ज्याच्याकडे शब्द जास्त, त्याला वर बसवतं."

"म्हणजे जो आपलंच नाव जास्त घेतो, तो मोठा?"

"तसंच काहीसं."

"हौदा?" म्हणजे, खरंच का? मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि खाली एवढं रिकामं का सोडलास?"

मी मोठ्या अभिमानानं माऊस फिरवला. तीनशे वॉशर निळे होऊन एकदम उजेडात आले. अण्णा खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. छत्री उचलून निघालेच. जिना उतरताना मात्र कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "तुझं मशीन साधं आहे रे. साध्याला असं फसवू नये." मला वाटलं होतं, त्यांना मालकाची दया येईल, गिऱ्हाइकाची येईल. त्यांना मशिनची दया आली. त्या संध्याकाळी मी जेवताना उगाचच अस्वस्थ होतो.

पुढे दोन-तीन महिन्यांत आमचे वॉशर गडप झाले. पहिल्या पानावर नाहीत, दुसऱ्यावर नाहीत, मी बोटाला पेटके येईपर्यंत पुढे पुढे जात राहिलो, पत्ता नाही. कारखान्याचे मालक फोनवर असे ओरडत की खालचा टायरवाला वर बघे. आमच्या ऑफिसातल्या एका जाणत्यानं सांगितलं की आता सर्च इंजिनं शहाणी होत चालली आहेत. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा दुसरी किती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात, म्हणजे त्याचा दुवा देतात, हे बघतात. आणि ज्याच्याकडे जास्त बोटं, त्यानं दाखवलेल्या बोटाला जास्त वजन. माझं डोकं गरगरलं. म्हणजे मी चांगला, कारण तू म्हणतोस. तुझं म्हणणं खरं, कारण तिसरा तुला चांगला म्हणतो. आणि तिसऱ्याला चांगलं म्हणणाऱ्यांत मीही आहे. मग यात पहिलं कोण? मी दोन दिवस कागदावर वर्तुळं काढली आणि शेवटी गोंधळून अण्णांकडे गेलो.

अण्णांना हे ऐकून जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. "म्हणजे ते पण तिसऱ्या घराला विचारतंय!" म्हणून त्यांनी अक्काला हाक मारली, भाचीला हाक मारली, मला दोनदा सगळं सांगायला लावलं. माझी शंका ऐकून तर ते हसलेच. "पहिला कोण नसतो रे. विचारत फिरत राहायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. भाताचं पाणी स्वल्प वेळ ठेवलास की पीठ खाली बसतं का नाही? तसं खाली बसतं." मला काहीही कळलं नाही, पण मी मान डोलावली. पुष्कळ वर्षांनी एका हुशार माणसानं मला तेच गणितात समजावून सांगितलं, तेव्हाही मी तशीच मान डोलावली.

या आनंदाच्या भरात मी पुढचं बोलून गेलो. आमच्या साहेबांनी यावर उपाय काढला होता : आपणच वेगवेगळ्या नावांनी वीस वेबसाइटी बनवायच्या आणि विसांनी वॉशरच्या कारखान्याकडे बोट दाखवायचं. हे मी हसत हसत सांगितलं आणि अण्णांचा चेहरा एकदम उतरला. अक्का उठून आत गेली. भाचीही गेली. मला कळेना मी काय बोललो. अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "अक्काच्या वेळी मी चौघांना विचारलो होतो. चार वेगळी घरं. चौघं पण चांगलंच सांगितले. मी होय म्हटलो. लग्नानंतर कळलं, चौघं एकमेकांचे सोयरे. एकाच घरातून शिकवलेलं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. भाची दीड वर्षाची असताना अक्का परत आली, एवढंच म्हणाले. निवृत्त झाल्यावर हा माणूस छत्री घेऊन गावभर का फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझं मलाच वाईट वाटलं. साहेबांच्या वीस साइटींपैकी मी सात बनवल्या आणि उरलेल्यांचा विषय टाळत राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाचीला स्थळ आलं. मुलगा बोम्मसंद्र्यालाच एका कारखान्यात होता, घर म्हैसूरचं. अण्णांनी त्याची जी चौकशी केली ती मी लिहायला बसलो तर एक वही पुरायची नाही. म्हैसूरला चार खेपा झाल्या. मुलाच्या शाळेतल्या शिपायापर्यंत पोचले. सांगणारी माणसं एकमेकांची कोण लागतात, हे विचारायला वेगळी खेप केली. शेवटी एका सकाळी अंगणात येऊन, जणू स्क्रूवर शिक्का मारावा तसं "सरी" म्हणाले. भाचीनं मुलाला एकदाच पाहिलं होतं, पण जिन्यात मला गाठून म्हणाली, "सार, हे जुळलं नाही तर मी दुसरं बघणार नाही हं. मामाला सांगू नका." मी सांगितलं नाही, पण तेव्हापासून मलाच धाकधूक लागली.

कारण आता पाळी त्यांची होती. मुलाकडचे आपली चौकशी करणार! ही साधी गोष्ट अण्णांच्या ध्यानात इतक्या वर्षांत आली नव्हती, आणि आली तेव्हा त्यांचं अवसान गळालं. ज्या गल्लीत त्यांनी तीस वर्षं प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं, तीच गल्ली आता त्यांच्याबद्दल बोलणार होती. त्यातून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी त्यांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या मुलीच्या स्थळाबद्दल विचारायला तोच आपण होऊन आला होता, अण्णांनी खरं काय ते सांगितलं, आणि लग्न मोडलं म्हणून रागावलाही तोच. तेव्हापासून अण्णा गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन, त्याच्या गिरणीसमोरून मान वळवून, दोन गल्ल्या पलीकडच्या गिरणीत जात.

"अण्णा, मी गल्लीत चार लोकांना सांगून ठेवतो," मी म्हणालो.

"काय सांगून ठेवणार?"

"हेच. तुमच्याबद्दल चांगलं."

ते एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "शिकवलेली साक्ष? या घराला? अक्काला तोंड कसं दाखवू मी?" आणि चौकशी निर्मळ व्हावी, आपल्याला बघून कुणाची जीभ अडू नये, म्हणून त्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. खिडकीचा पडदासुद्धा लावून बसले. दूध आणायला मी जाई. पडद्यामागे त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत आणि माझा जीव तुटे.

मी तरी काय करणार होतो? माझा धंदाच तो. भाची ओठ मिटून शाळेत जाते, अक्का देवापुढे बसते, आणि मी नुसता बघत राहू? मी ऑफिसातल्या एका कानडी मित्राकडून एक चांगलं वाक्य लिहून घेतलं आणि पाठ केलं, कारण माझी कानडी भाजी आणि बस यांच्यापलीकडे जात नव्हती. मित्र कवी होता, ही गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती. वाक्य होतं, "अवरु सत्यसंधरु, सद्गृहस्थरु, मनेतन उत्तम." ते सत्यवचनी आहेत, सज्जन आहेत, घराणं उत्तम. हे मी इस्त्रीवाल्याला म्हणून दाखवलं, फुलवालीला म्हणून दाखवलं, दूधकेंद्रावर, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या हॉटेलात आणि निवृत्त पोस्टमनकडे. कुणी विचारलं तर असं सांगा, म्हटलं. सगळे हसून "सरी सार" म्हणाले. गिरणीवाल्याकडे जायची माझी छाती झाली नाही.

मुलाचे मामा एका शनिवारी सकाळी आले. किडकिडीत, हातात कापडी पिशवी, बगलेत छत्री. ती छत्री बघूनच मी ओळखलं की हा माणूस अण्णांच्याच जातकुळीचा आहे. दोन तास ते गल्लीत हिंडले आणि शेवटी जिना चढून माझ्याकडे आले. "तुम्ही भाडेकरू न्हवे? भाडेकरूला आतलं माहीत असतं," म्हणाले आणि बसले. मी कॉफी विचारली, त्यांनी नको म्हटलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "एक गंमत सांगतो. तुमचा इस्त्रीवाला म्हणाला, सत्यसंध. बरं. फुलवाली म्हणाली, सत्यसंध, सद्गृहस्थ. बरं. हॉटेलवाला मला बघून आधी भिंतीकडे तोंड केला, आठवून घेतला, आणि म्हणाला, मनेतन उत्तम. माझं सगळं आयुष्य कर्नाटकात गेलं हो, पण सद्गृहस्थ म्हणणारा इस्त्रीवाला मी आज पहिल्यांदा बघितलो. कोण शिकवलं यांना?"

मीच शिकवलं म्हणावं, तर शिकवणारा घरातलाच ठरतो. मला माहीत नाही म्हणावं, तर घरमालकानं शिकवलं असं ठरतं. मी तीनशे वॉशर लिहिणारा माणूस, एका इस्त्रीवाल्यापाशी सापडलो! मी काहीतरी पुटपुटलो, काय ते मलाही ऐकू आलं नाही. "सरी," ते म्हणाले, उठले आणि खाली उतरले. मी खिडकीतून बघत होतो. बसथांब्याकडे वळता वळता ते थबकले, आणि सरळ पिठाच्या गिरणीत शिरले. संपलं, मी मनात म्हटलं. मी ते घर बुडवलं.

संध्याकाळी अण्णांनी मला खाली बोलावलं. "आले होते?" "आले होते." "काय विचारले?" "असंच. नेहमीचं." "गल्लीत कोण काय सांगितलं, तुला काय माहीत आहे?" "नाही, मला काहीच माहीत नाही." "हौदा?" अण्णा एवढंच म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

पुढचे दोन आठवडे कसे गेले ते सांगवत नाही. म्हैसूरहून काही निरोप नाही. भाचीचं गाणं बंद झालं. अक्कानं एकदा मला ताक देताना विचारलं, "सगळं बरं होईल न्हवे?" आणि मी "होईल की" म्हणून जिना चढलो तो वर जाऊन डोकं धरून बसलो. अण्णांना जाऊन सगळं कबूल करावं असं रोज वाटे, आणि रोज मी ऑफिसला जाऊन वॉशर शोधत बसे. मग एका दुपारी पत्र आलं. अण्णांनी ते स्वतः फोडलं नाही, मला वाचायला लावलं. पसंत आहे, मुहूर्त काढावा, असं लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. माझ्याच वाचण्यावर माझा विश्वास बसेना.

लग्नात पंक्तीला मुलाचे मामा माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं. गिरणीवाल्याला विचारल्यावर त्यानं आधी गिरणीच बंद केली, म्हणजे नीट ऐकू जावं, आणि म्हणाला, "तो माणूस? खवट. नाक खुपसणारा. माझ्या पोरीचं ठरलेलं त्यानं मोडलं, पोरगा दारू पितो म्हणून. मी त्याला भर रस्त्यात शिव्या दिल्या. पुढं त्याच पोराशी लग्न झालेली दुसऱ्याची पोर दोन महिन्यांत मार खाऊन माहेरी आली. माझी आज सुखात आहे. मी त्याच्याशी बोलत नाही, काय तोंडानं बोलू? पण त्याच्या घरात मुलगी असेल तर डोळे मिटून घेऊन जा." मामा पानातला पापड मोडत म्हणाले, "पाच जण सत्यसंध म्हणाले, त्याचं मला काय वाटलं नाही. हा एक खवट म्हणाला, मी पत्र लिहिलो."

गिरणीवाल्याला लग्नाची पत्रिका द्यायला अण्णा स्वतः गेले होते. मी बरोबर होतो. गिरणीच्या उंबऱ्यात दोघं समोरासमोर उभे राहिले, एक पिठानं पांढरा, दुसरा भीतीनं. गिरणीवाल्यानं पत्रिका घेतली, हात पुसून पुन्हा घेतली, आणि कानडीत एवढंच म्हणाला, "डबा नाही आणला?" पुढच्या रविवारी अण्णा डबा घेऊन गेले. घरी येऊन अक्काला म्हणाले की पीठ जरा जाड दळलंय, पण चेहरा बघण्यासारखा होता.

वर्षभरानं माझं लग्न ठरलं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. किल्ली देताना तिथले घरमालक हसत होते. "तुमच्या बनशंकरीच्या अण्णांकडे जाऊन आलो. आधी म्हणाले, मला विचारू नका, तिसऱ्या घराला विचारा. मी उठलो तर परत बोलावलं. म्हणाले, मुलगा चांगला आहे. स्वल्प खोटं बोलतो, पण दुसऱ्यासाठी." मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. म्हणजे अण्णांना सगळं ठाऊक होतं. इस्त्रीवाला, फुलवाली, कवी मित्राचं ते वाक्य, सगळं. त्यांनी मला एका शब्दानं जाब विचारला नव्हता, आणि घरातून काढलंही नव्हतं.

अण्णा आता नाहीत. मी अजून त्याच धंद्यात आहे. कुठलं पान खरं, कुठलं खोटं, हे मशीन कसं ठरवतं ते दर दोन वर्षांनी मला नव्यानं शिकवलं जातं, आणि दर वेळी मी मान डोलावतो. गोंधळलो की मला त्यांची आठवण येते, आणि ती येते तेव्हा बहुतेक वेळा मी नव्या घरात राहायला गेल्यानंतरचा पहिला रविवार आठवतो. मी दोन बसगाड्या बदलून त्यांना भेटायला गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते. अक्कानं आतून कॉफीचे दोन पेले आणून माझ्या हातात दिले.

"नवीन घर कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"यारु हेळिद्रु?"

"कुणी नाही, अण्णा," मी म्हणालो. "मीच म्हणतोय."

त्यांचा हात छत्रीकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"सरी," म्हणाले, आणि माझ्या हातातल्या दोन पेल्यांतला एक घेऊन कॉफी पिऊ लागले.